लॉस सँटॉसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा रॉकस्टार कंपनीचा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आला. संगणकावर तो एप्रिल २०१५ पासून खेळता येऊ लागला. त्यातलं लॉस सँटॉस हे शहर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसवर बेतलेलं आहे. मूळ खेळात मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर या तिघांची गुन्हेगारी गोष्ट आहे आणि खेळाडूने एकेक मोहीम फत्ते करत ती शेवटाला न्यायची असते. याच शहरात, याच रस्त्यांवर हौशी मंडळींनी एक निराळाच खेळ उभा केला. त्यात मोहिमा नाहीत, पातळ्या नाहीत, शेवटही नाही. तुम्ही एक माणूस बनून शहरात उतरता. खिशात थोडे पैसे, ओळखपत्र, फोन, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी. चौकात उभा असलेला पोलीस, दवाखान्यातली डॉक्टर, गॅरेजमधला मेकॅनिक ही सगळी खरी माणसं असतात, आपापल्या घरी हेडफोन लावून बसलेली. त्यांच्याशी माइकवर बोलायचं, पण आपल्या पात्राच्या तोंडून. याला रोलप्ले म्हणतात. आपल्याकडची मुलं नुसतं 'आरपी' म्हणतात आणि सर्व्हरला 'सिटी'.

या शहरात पहिल्यांदा येणाऱ्याची फार तारांबळ उडते. त्याला गाडी चालवता येते, नेम धरता येतो, नकाशा पाठ असतो; तरी पहिल्याच संध्याकाळी तो एकतर कंटाळून बाहेर पडतो किंवा नियम मोडला म्हणून बाहेर काढला जातो. इतर खेळांनी लावलेल्या सवयी इथे आड येतात. अनोळखी माणूस दिसला की गोळी झाडायची, पोलीस मागे लागला की काहीही करून निसटायचं, जास्तीत जास्त पैसे लवकरात लवकर जमवायचे, हे सगळं तो बोटांत घेऊन आलेला असतो. ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे. खेळ संगणकावर बसवण्यापासून पोलीस खात्यात भरती होण्यापर्यंतची माहिती पुढच्या प्रकरणांत क्रमाने येईल. इथे मला एवढंच सांगायचं आहे की अशा सर्व्हरवर यश कशाला म्हणायचं. ज्याच्याबरोबर आणखी एक प्रसंग रंगवावा असं इतरांना वाटतं, तो खेळाडू इथे यशस्वी. बंगला, महागड्या गाड्या, बँकेतली शिल्लक यांनी हे ठरत नाही. पुस्तिकेतली प्रत्येक सूचना या एका समजुतीतून निघाली आहे.

या प्रकाराला बरीच जुनी परंपरा आहे. फासे आणि कागद घेऊन टेबलाभोवती खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ च्या सुमारास 'मड' नावाचं जग रचलं. त्यात चित्रं नव्हती, सगळं अक्षरांत, पण एकाच वेळी अनेकजण त्यात वावरू शकत. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी अशा जगांतल्या खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: काही ना काही मिळवत राहणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला हैराण करण्यात आनंद मानणारे. रोलप्ले सर्व्हर टिकतात ते तिसऱ्या स्वभावाच्या माणसांवर, आणि त्यांच्या नियमावल्या लांबत जातात त्या चौथ्या स्वभावाच्या माणसांमुळे.

आजचं रूप 'फाइव्हएम' या सॉफ्टवेअरमुळे आलं. मूळ खेळ विकत घेतलेला असला की ते फुकट वापरता येतं आणि रॉकस्टारच्या स्वतःच्या ऑनलाइन खेळात न शिरता लोकांनी चालवलेल्या स्वतंत्र सर्व्हरवर जाता येतं. २०१५ मध्ये रॉकस्टारने याच सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची खाती बंद केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यामागच्या चमूला कंपनीने आपल्यात सामावून घेतलं. दरम्यान 'नोपिक्सेल' या सर्व्हरवरचे प्रसंग ट्विचवर लाखो लोक पाहू लागले होते, आधी २०१९ मध्ये आणि मग २०२१ मध्ये त्याहून अधिक. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा त्या खेळाचं थेट प्रक्षेपण करणारे अनेकजण लॉस सँटॉसकडे वळले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा प्रेक्षकही आला. आपल्या मराठी मुलांचा या खेळाशी परिचय बहुतांशी असाच, आधी यूट्यूबवर बघून झाला. तिथून एक अडचणही आली. यूट्यूबवर दिसतात ती निवडक दहा मिनिटं: दरोडा, पाठलाग, गोळीबार. त्याआधीचं दोन तासांचं बोलणं कापलेलं असतं, आणि खरा खेळ त्या बोलण्यातच असतो.

सिंधुदुर्गात ज्यांनी रात्र जागून दशावतार पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. आख्यान कोणतं ते ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा काय म्हणेल ते प्रधानाला आधी ठाऊक नसतं. समोरून शब्द आला की तो झेलायचा आणि त्यात आपली भर घालून परत द्यायचा. शब्द खाली पडू देणारा नट कितीही देखणा असला तरी त्याच्यामुळे प्रवेश पडतो. लॉस सँटॉसमध्ये हेच कौशल्य लागतं, आणि ते कीबोर्डवरच्या चपळाईने भरून निघत नाही.

समजा, चेपलेली गाडी घेऊन तुम्ही गॅरेजमध्ये गेलात. मेकॅनिक विचारतो, "कागद आहेत का गाडीचे?" नवखा म्हणतो, "जाऊ दे ना यार, पटकन दुरुस्त कर, पैसे घे." प्रसंग तिथेच संपला. दुसरा म्हणतो, "कागद बायकोकडे आहेत, आणि बायको कालच भांडून माहेरी गेली." आता मेकॅनिकच्या हातात काहीतरी आलं. तो हसेल, संशय घेईल, बायकोचा नंबर मागेल, चोरीची गाडी समजून पोलिसांना कळवेल. यातलं काहीही झालं तरी पुढची वीस मिनिटं दोघांची मजेत जातील, आणि पुढच्या आठवड्यात तोच मेकॅनिक तुम्हाला रस्त्यात अडवून विचारेल, "वहिनी आल्या का परत?" ओळखी अशा होतात. नवख्याला शिकवण्यासारखी याहून मोठी युक्ती माझ्याजवळ नाही.

म्हणून पात्र निवडतानाच विचार करावा. पन्नासातले पंचेचाळीस अर्ज एका थंड डोक्याच्या, कुणाला न घाबरणाऱ्या, आईबाप लहानपणीच गमावलेल्या गुंडाचे असावेत असं सर्व्हरवर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांची कुठलीही थप्पी चाळताना वाटतं. हे पात्र वाईट आहे असं नाही. त्याच्याशी खेळणं अवघड आहे. ज्याला कशाचीच भीती नाही आणि कशाचीच गरज नाही, त्याला दुसरा माणूस देणार काय? पात्राला एक हवी असलेली गोष्ट द्या आणि एक उणीव द्या. गाडी ओढून नेणारा टो-ट्रकवाला, ज्याचा स्वतःचाच परवाना संपला आहे. भावाला पैसे पाठवायचे म्हणून दोन नोकऱ्या करणारी मुलगी. गावाकडे आपण मोठे साहेब आहोत असं सांगून ठेवलेला कचरागाडीवरचा कामगार. यातलं प्रत्येक पात्र दुसऱ्याला पकडायला एक टोक देतं. पूर्वकथा चार ओळींची पुरे. उरलेली कथा शहरात घडली पाहिजे. ती घरी बसून वीस पानं लिहून ठेवली, तर इतरांना तिच्यात जागाच उरत नाही.

आवाजाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. हॉलिवूडच्या चित्रपटातला अमेरिकन उच्चार काढू नका. तो अर्धा तास टिकतो, आणि खरा राग आला की पहिल्याच वाक्याला गळून पडतो. पात्र साताऱ्याहून लॉस सँटॉसला आलेलं असायला काहीच हरकत नाही. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात बाहेरून आलेली माणसं असतातच. स्वतःच्या बोलीच्या जवळचा, थोडासाच बदललेला आवाज महिनोन् महिने निभावता येतो. हिंदी सर्व्हरवर आपल्या मराठी वळणाची हिंदी बोलणारं पात्र लोकांच्या लक्षात राहतं, कारण ते खरं वाटतं.

आता नियम. प्रत्येक सर्व्हरची नियमावली वेगळी असते आणि ती वाचल्याशिवाय आत जाऊ नये. व्हाइटलिस्ट असलेल्या, म्हणजे निवडक खेळाडूंनाच आत घेणाऱ्या सर्व्हरवर तर अर्ज भरावा लागतो, बरेचदा मुलाखतही होते. सगळीकडे समान असलेले नियम मात्र पाठ करण्यापेक्षा त्यांचं कारण समजून घ्यावं, म्हणजे ते आपोआप पाळले जातात.

पहिली सीमा पात्राच्या आत आणि बाहेर अशी आहे. खेळाडू तिला 'आयसी' आणि 'ओओसी' म्हणतात. जे तुमच्या पात्राने स्वतः पाहिलं, ऐकलं, कुणाकडून कळलं, तेवढंच त्याला ठाऊक. डिस्कॉर्डवर मित्राने सांगितलं की अमुक टोळी पॅलेटो बे भागात लपली आहे, किंवा कुणाच्या थेट प्रक्षेपणात तुम्ही ती पाहिली, आणि पोलिसाचं पात्र घेऊन तुम्ही थेट तिथे पोचलात, तर ते मेटागेमिंग. नव्या खेळाडूंच्या हातून सर्वांत जास्त घडणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा अपराध हाच. त्या टोळीने लपण्यासाठी संध्याकाळभर आखणी केली होती. पोलिसांतल्या कुणीतरी खबऱ्या शोधून, गाड्यांचे नंबर जुळवून त्यांचा माग काढायला सुरुवात केली होती. तुमच्या एका चोरट्या माहितीने दोन्ही बाजूंची मेहनत वाया गेली. यावर सोपा उपाय आहे: खेळताना इतरांची प्रक्षेपणं बंद ठेवावीत, आणि सर्व्हरबाहेरच्या बोलण्यात शहरातल्या घडामोडी काढूच नयेत.

दुसरा अपराध पॉवरगेमिंग, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच ठरवून टाकणं. शहरात ज्या कृती पडद्यावर दिसत नाहीत त्या लिहून कळवायला 'स्लॅश मी' आणि 'स्लॅश डू' अशा दोन आज्ञा असतात. पहिलीने आपलं पात्र काय करतंय ते सांगायचं, दुसरीने परिस्थिती सांगायची किंवा विचारायची. 'त्याचे हात घट्ट बांधतो, त्याला हलता येत नाही' असं लिहिलं की समोरच्याची पाळी तुम्ही हिसकावली. 'हात बांधायचा प्रयत्न करतो' असं लिहिलं की उत्तर त्याच्याकडे राहतं. पोलीस झडती घेताना विचारतो, 'डाव्या खिशात काही लागतं का?' इथे समोरच्याने खरं सांगायचं असतं. ते तपासायला बरेचदा कुठलंही यंत्र नसतं. चाकू आहे हे कबूल करून तुरुंगात जाणारा खेळाडू पाहिला की हा खेळ कशावर उभा आहे ते कळतं, आणि असा खेळाडू सगळ्या शहराला हवाहवासा होतो.

विनाकारण कुणाला गोळी घालणं किंवा गाडीखाली चिरडणं यांना मनाई आहे, आणि त्यांना आरडीएम आणि व्हीडीएम ही नावं आहेत. यावर अधिक बोलायला नको. जिवाची किंमत हा नियम मात्र नीट ध्यानात घ्यावा. तीन माणसांनी बंदुका रोखल्या की हात वर करायचे, मनातून आपण दोघांना तरी लोळवू शकतो याची खात्री असली तरीही. मरणाला कुणीच भीत नसेल तर बंदूक रोखण्याला अर्थ उरत नाही; मग धमकी, वाटाघाटी, शरणागती, सुटका यातलं काहीच शक्य नसतं, आणि शहराचा नुसता आखाडा होतो. प्रसंग चालू असताना खेळ बंद करून पळणं हाही मोठा दोष मानला जातो. आपल्याकडे लाइट जाते, नेट जातं. अशा वेळी फोनवरून डिस्कॉर्डवर दोन शब्द कळवावेत आणि परत येताच होतो तिथून पुढे सुरू करावं. एवढ्याने कुणी नाराज होत नाही.

सुरुवातीला काम कोणतं करावं? कचरागाडी, माल पोचवणं, खाणकाम, मासेमारी अशी कामं बहुतेक सर्व्हरवर नव्यांना खुली असतात. रात्रभर एकट्याने खाणीत घण मारून गाडीपुरते पैसे जमवणारे पुष्कळ दिसतात. त्या रात्री त्यांना एकही माणूस भेटलेला नसतो. माझी शिफारस टॅक्सीची. प्रवासी शेजारी बसतो, पाच-सात मिनिटं त्याला दुसरीकडे जायला जागा नसते, आणि शहरातल्या बातम्या तुम्हाला बसल्या जागी कळत जातात. खालोखाल टो-ट्रक, कारण त्यात मेकॅनिक, पोलीस आणि संतापलेले गाडीमालक या तिघांशी रोज गाठ पडते. काही अडलं तर मदतीच्या चॅटमध्ये विचारण्याआधी रस्त्यावरच्या माणसाला विचारा: "दादा, आज सकाळीच आलोय, कपड्यांचं दुकान कुठे मिळेल?" जुने खेळाडू अशा प्रश्नाची वाटच पाहत असतात. कुणीतरी गाडीत बसवून नेईल, आणि तुमची पहिली ओळख झालेली असेल.

माइकचं तंत्र छोटं आहे पण त्यावर बरंच अवलंबून असतं. बटण दाबून बोलायचं ठेवा, म्हणजे घरातला पंखा, कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल शहराला ऐकू जाणार नाही. कुजबुज, साधं बोलणं आणि ओरडणं असे आवाजाचे टप्पे असतात. दुकानात कुजबुजायचं आणि लांबच्या माणसाला ओरडून हाक मारायची, हे विसरू नका. दुसऱ्याचं वाक्य पुरतं ऐकून मग बोला.

पोलिसांशी पहिली भेट बहुधा सिग्नल तोडल्यावर होते. मागे दिवे चमकतात आणि बोट आपोआप वेग वाढवायच्या बटणाकडे जातं. गाडी बाजूला घ्या. काच खाली करा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि पात्राला साजेसं बोला. आई आजारी आहे, पहिल्या दिवशीच कामावर उशीर झालाय, गाडी साहेबांची आहे आणि ओरखडा पडला तर नोकरी जाईल. पोलिसाचं पात्र करणारा खेळाडू संध्याकाळभर पाठलागच करत आलेला असतो. नीट बोलणारा माणूस मिळाला की तो खुलतो. दंड झाला तर भरा. तुरुंगात टाकलं तर तुरुंगातही माणसं असतात, आणि कित्येक पात्रांच्या दीर्घकाळ चाललेल्या दोस्त्या तिथेच जुळल्या आहेत. हरणं ही इथे कथेतली एक घटना आहे. ती मनापासून रंगवणाऱ्याला लोक पुढच्या वेळी स्वतःहून बोलावतात.

गुन्हेगारीकडे वळायचं असेल तर जरा थांबून, शहर ओळखीचं झाल्यावर वळा. दुकानावरच्या दरोड्यातसुद्धा खरी गंमत बोलणीत असते: आत ओलीस, बाहेर पोलीस, दरोडेखोराची मागणी की ओलीस सोडतो पण टायर फोडायच्या पट्ट्या टाकायच्या नाहीत, पोलिसाचा प्रतिप्रश्न की ओलीस बरा आहे हे आधी दाखव. आणि ओलीस झालेल्या खेळाडूची काळजी दरोडेखोरानेच घ्यायची असते. त्याला तासभर कोपऱ्यात गप्प बसवून ठेवलं तर त्याची संध्याकाळ फुकट गेली. त्याला बोलतं करा, नाव विचारा, पाणी द्या.

काही गोष्टी मला कळकळीने सांगायच्या आहेत. मूळ खेळ प्रौढांसाठीचा आहे. युरोपातल्या पेगी मानांकनानुसार त्याला वय १८ आणि त्यावरील ही अट आहे, आणि रोलप्ले सर्व्हरही बरेचदा तीच अट घालतात. ती पाळली जावी. कुणाची जात, धर्म, रंग यांवरून शिवीगाळ करून 'माझं पात्रच तसं आहे' म्हणणं ही पळवाट आहे. पात्राचे शब्द खरी माणसं आपल्या खऱ्या कानांनी ऐकत असतात. बाईचा आवाज ऐकू आला की भोवती गर्दी करणं, खासगी माहिती विचारणं, नको म्हटल्यावरही मागे लागणं, यामुळे कितीतरी चांगल्या खेळाडू हा छंद सोडून जातात. तुमच्यासमोर असं घडलं तर गप्प राहू नका. चित्रफीत साठवून व्यवस्थापकांकडे द्या. इतर तक्रारींत शक्यतो प्रसंग आधी पुरा होऊ द्यावा आणि मग पुरावा मांडावा, पण छळ चालू असेल तर प्रसंग पुरा करण्याचं बंधन कुणावरही नाही.

दोन पात्रांचं वैर आणि दोन माणसांचं वैर यांत अंतर राहिलं पाहिजे, आणि ते आपोआप राहत नाही. रात्री कुणी तुमच्या पात्राला फसवलं असेल तर राग तुम्हालाही येतो. प्रसंगानंतर डिस्कॉर्डवर "मजा आली, मस्त केलंस" एवढं लिहिलं की बराच निवळतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पैशाचंही असंच: रांगेत पुढे घेण्यासाठी किंवा खास गाडीसाठी काही सर्व्हर वर्गणी मागतात. सर्व्हर आवडला, माणसं आवडली, तो टिकावा असं वाटलं, तर जरूर द्या; पण पहिल्या महिन्यात एक रुपयाही देऊ नका. चोरीची प्रत आणि फसवे मोड मेनू वापरणाऱ्यांवर कायमची बंदी येते, हेही लक्षात असू द्या.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. अर्ज भरायचा असेल तर पात्रलेखनाचं प्रकरण आधी वाचा, आणि तांत्रिक अडचण असेल तर पहिलं. या पुस्तिकेतली एखादी सूचना आणि तुमच्या सर्व्हरची नियमावली यांत फरक आढळला, तर नियमावलीच प्रमाण मानावी.